कार चालवायला शिकवतो, बघायला कोण शिकवणार? (इंदूर, दुचाकी आणि आपण चारचाकीवाले)

मीरा_सुदामानगर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला कारण घडलं.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते आणि गेली अकरा वर्षं कार चालवायला शिकवते. शिकायला येतात त्यातल्या बहुतेक बायका. कोणाची मुलं बाहेरगावी गेलेली, कोणाच्या यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कोणाला उगीचच आता शिकायचं असतं. माझ्या बाजूला, डावीकडे, जास्तीचा ब्रेक असतो. अकरा वर्षांत तो ब्रेक मी किती वेळा दाबला याचा हिशोब नाही, पण गेल्या गुरुवारी दाबला तो विसरणार नाही.

शिकणाऱ्या बाई बँकेत आहेत, हात चांगला बसलाय, आठवड्यात नायता मुंडल्याला आरटीओची टेस्ट. अन्नपूर्णा रोडवरून उजवीकडे एका गल्लीत वळायचं होतं. बाईंनी इंडिकेटर दिला, थांबल्या, समोरून येणारं सगळं जाऊ दिलं, दोन्हीकडे पाहिलं, तोंडाने "मोकळं आहे ताई" म्हणाल्या आणि वळवली. मी ब्रेक मारला. बोनेटच्या पुढून वीतभर अंतरावरून एक बाईक गेली. मुलगा गल्लीतून बाहेर येत होता, हळूच, आपल्या बाजूने. तो काही बोलला नाही, नुसता आमच्याकडे बघून पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई पांढऱ्याफटक. म्हणाल्या, "ताई, मी बघितलं होतं हो. तो होता कुठे?"

आणि त्यांनी खरंच बघितलं होतं. फोन नाही, गप्पा नाहीत, मीच शेजारी बसलेली. तरी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी मी गाडी मैदानात उभी केली, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि माझ्या भाच्याला सांगितलं, स्कूटर घेऊन उजवीकडून समोर ये, तोंड माझ्याकडे करून. पंधरा पावलांवर आला आणि गायब झाला! समोरची काच आणि दार यांच्या मध्ये जो खांब असतो ना, छताला धरणारा, त्याच्या मागे स्कूटर, भाचा, भाच्याचं लाल हेल्मेट, सगळं मावलं. कार असती तर एखादा कोपरा तरी बाहेर दिसला असता. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब डोळ्याच्या अगदी जवळ. उजवीकडे वळताना नेमकं त्याच्याच आडून बघायचं असतं.

त्यातही वाईट गोष्ट अशी की आपण वळतोय आणि तोही पुढे येतोय. दोघांचा वेग जुळला तर तो खांबाच्या आडच राहतो, शेवटपर्यंत. दिसतो तेव्हा बोनेटवर असतो.

मी अकरा वर्षं क्लच, हाफ क्लच, चढावर गाडी धरणं, रिव्हर्स, आठ काढणं, सगळं शिकवलं. हे शिकवलं नाही. मलाच कोणी शिकवलं नव्हतं.

तर विचारायचं हे: तुमच्यापैकी जे गाडी चालवतात, त्यांनी दुचाकीवाल्याला "बघायची" स्वतःची काही युक्ती बसवली आहे का? आणि जे दुचाकी चालवतात त्यांना आम्ही कारवाले कुठे सगळ्यात आंधळे वाटतो? मला हे धडे म्हणून बसवायचं आहे. रागावून लिहिलंत तरी चालेल.

---

पोहेजलेबी | सोमवार, रात्री १०:०५

मीराताई, धागा चांगला पण उलटा आहे. आधी दुचाकीवाल्यांना शिकवा. एका गाडीवर चौघं, रॉंग साइड, कानाला फोन खांद्याने दाबलेला, मागे बसलेल्याच्या मांडीवर गॅसचं सिलिंडर. २०२५च्या ऑगस्टमध्ये हेल्मेटशिवाय पेट्रोल बंद झालं तेव्हा आपल्या इंदूरचा दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवलेला व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिला. ह्यांना कारवाल्यांनी अजून किती बघायचं?

---

जुना_लूनावाला | सोमवार, रात्री १०:३२

पोहेजलेबी, झाकण तरी ठेवलं होतं, कृतज्ञ राहा.

मीराताई, माझं वय ६८. मी लूनावर ऑफिसला गेलो, मग स्कूटर, मग मुलाच्या आग्रहाने कार. इंदुरात कार चालवणाऱ्या माझ्या वयाच्या दहांपैकी नऊ जण दुचाकीवरून कारमध्ये गेलेले आहेत. म्हणजे आपल्याला कोणी शिकवायची गरजच नव्हती, सगळं अंगावर सोसलेलं होतं. खड्डा चुकवायला किती वाकावं लागतं, पावसात पट्ट्यांवर चाक कसं सटकतं, ट्रक शेजारून गेला की हँडल कसं ओढलं जातं. आणि तरी कारमध्ये बसल्यावर सहा महिन्यांत सगळं पुसलं गेलं. काच वर, एसी चालू, बाहेरचा माणूस मुका.

मला वाटतं हा शिकवण्याचा प्रश्न नाही, विसरण्याचा आहे. खांबाचं तुम्ही म्हणता ते मात्र मला पटलं नाही. चाळीस वर्षं चालवतोय, कधी कोणी गायब झालं नाही.

---

स्वप्निल_बाईकवर | मंगळवार, रात्री १२:५०

आत्ताच ड्यूटी संपली. दिवसा एमबीए, संध्याकाळी सहा ते बारा घरोघरी जेवण पोचवतो, विजयनगर ते पलासिया. म्हणून उशिरा.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी कारवाल्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. पहिल्या महिन्यात बघायचो. एका काकांशी नजरानजर झाली, ते माझ्याकडे बघत होते, अगदी माझ्याकडे, आणि बघता बघता अंगावर आले. तेव्हापासून पुढचं चाक बघतो. तोंड खोटं बोलतं, चाक खोटं बोलत नाही. चाक वळायला लागलं की मी ब्रेकवर.

आम्हाला त्रास कुठे होतो ते सांगतो:

डावीकडे वळणारी कार. आम्ही डावीकडून चाललेलो असतो (चालू नये, मान्य, पण सगळे चालतात), कारवाला उजवीकडे आणि मागे बघतो, डावा आरसा मिटलेलाच असतो. अर्ध्या गाड्यांचे डावे आरसे मिटलेले असतात भिया, मोजून बघा कधी रीगलला लालबत्तीवर.

दुसरं, मागून चिकटणं. हे कारवाल्यांना माहीतच नाही बहुतेक: मी रेस सोडली की बाईक लगेच हळू होते, ब्रेक न लावता. ब्रेकच नाही तर मागचा लाल दिवाही नाही. तुम्हाला वाटतं मी त्याच वेगात आहे. खड्डा दिसला, रेस सोडली, मागून हॉर्न. हॉर्न वाजला तर नशीब.

आणि इंडिकेटर. बाईकचा इंडिकेटर वळण झालं की आपोआप बंद होत नाही तुमच्यासारखा. बटण दाबावं लागतं. विसरतो आम्ही. तेव्हा माझा डावा दिवा लुकलुकतोय म्हणून मी डावीकडे जाणारच असं धरून निघू नका, प्लीज.

पोहेजलेबी दादांना: मी हेल्मेट घालतो, आयएसआयवालं. गॅसचं सिलिंडर नेत नाही. मला पण कोणी बघत नाही.

---

पोहेजलेबी | मंगळवार, सकाळी ७:१५

स्वप्निल, रागावू नको रे. माझा राग सरसकट आहे, तुझ्यावर नाही.

पण कोणत्या कंपनीने तुला वेळेत पोचवायची घाई लावली आहे का, हेही बघ. तीही बाजू आहे.

---

आबा_टेक्सास | मंगळवार, सकाळी ८:२०

मूळचा रामबागचा, आता टेक्सासात मुलीकडे. इथला अनुभव देतो, उपयोग झाला तर घ्या.

इथे अमेरिकेत मे महिना मोटारसायकल सुरक्षेचा म्हणून पाळतात. थंडी संपते, सहा महिने गराजमध्ये पडलेल्या बाईक बाहेर येतात आणि कारवाल्यांच्या डोळ्यांना त्यांची सवय सुटलेली असते. म्हणून रस्त्यावर, गाड्यांच्या मागे, "मोटारसायकलसाठी दोनदा बघा" अशा अर्थाचे फलक आणि स्टिकर. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आपल्याकडे जिकडे बघाल तिकडे दुचाकी, तिथे सवय सुटायचा प्रश्नच कुठे!

मग मुलीने एक जुना अभ्यास दाखवला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट म्हणून होते, त्यांच्या गटाने ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली अहवाल आला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची निघाली, बाईकवाल्याचा हक्क मोडून त्याच्या पुढ्यात घुसल्याची. आणि सगळ्यात वारंवार दिसलेला प्रसंग म्हणजे समोरून बाईक सरळ येतेय आणि कार तिच्या पुढून डावीकडे वळतेय. तिथलं डावं म्हणजे आपलं उजवं, गाड्या उलट्या बाजूने चालतात ना. म्हणजे मीराताईंच्या बाई ज्या वळणावर होत्या तेच वळण. फक्त त्यांच्याबाबत बाईक गल्लीतून आली, तिथे समोरून येते.

समोरून येणाऱ्या बाईकचं कारण खांब नसतो बहुधा. ती दिसते, पण लांब वाटते. लहान वस्तू लांब वाटते आणि हळू वाटते, डोळ्याचा तो स्वभाव आहे. ट्रक शंभर मीटरवर असला तर आपण थांबतो, बाईक तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगाने येत असली तरी म्हणतो, "निघतो आपण, वेळ आहे."

---

वकीलकाका_टिळकनगर | मंगळवार, सकाळी ११:१०

आबांच्या १९८१च्या आकड्यांना आपला जोड देतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२चा अहवाल: वर्षभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७, म्हणजे ४४.५ टक्के. मी दावे चालवतो, हे आकडे माझ्याकडे फायलींच्या रूपात येतात.

कायद्याचं थोडक्यात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली धोकादायक वाहन चालवलं तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कलम १२९ हेल्मेटचं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही. आणि १३४अ, ज्याची लोकांना अजिबात कल्पना नसते: जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही. रस्त्यावर पडलेल्या पोराला उचलायला घाबरू नका.

बाकी "मी बघितलं होतं साहेब" हे वाक्य मी कोर्टात इतक्या वेळा ऐकलंय की आता मला ते खोटं वाटतच नाही. बघितलेलं असतंच.

---

अपर्णा_लोकमान्यनगर | मंगळवार, दुपारी ३:२५

मी इथे क्वचित लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा जेल रोडवरून घरी येत होता. वेग काही नव्हता, त्या रस्त्यावर वेग घेताच येत नाही. कडेला उभ्या कारचं दार उघडलं. गुडघ्याची वाटी फुटली, दोन महिने अंथरुणावर. दार उघडणारा माणूस चांगला होता, त्यानेच दवाखान्यात नेलं, दोनदा भेटायला आला, लहान मुलासारखा रडला. म्हणाला, काकू, मी बघूनच उघडत होतो.

त्याच्यावर माझा राग नाही. पण अजून कुठे गाडी थांबली आणि शेजारच्याने हँडलला हात घातला की माझ्या पोटात गोळा येतो. मीराताई, दाराचा धडा ठेवाल का?

---

मीरा_सुदामानगर | मंगळवार, रात्री ९:५५

अपर्णाताई, ठेवते. पहिला तोच ठेवते.

याला एक साधा उपाय आहे आणि तो मी आज दिवसभर सगळ्यांकडून करून घेतला. दाराच्या जवळचा हात वापरायचा नाही, लांबचा वापरायचा. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, दार उजवीकडे, म्हणजे डाव्या हाताने हँडल धरायचं. डावा हात उजवीकडे न्यायचा तर खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि नजर आपोआप मागे रस्त्यावर जाते. डावीकडे बसणाऱ्याने उजवा हात. नेदरलँड्समध्ये सायकली फार, तिथली ही सवय. ब्रिटनने २०२२च्या जानेवारीत आपल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात ती घातली.

करून बघा. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, चौथ्या दिवशी उजवा हात हँडलकडे जातच नाही.

मुश्कील एकच आहे, मागच्या सीटवरची आजी. आजी गाडी थांबायच्या आधी दार उघडते. तिला काय शिकवणार! तिच्यासाठी मागच्या दाराला लहान मुलांसाठी असतो तो कुलपाचा खटका (चाइल्ड लॉक) लावा. आतून उघडतच नाही मग. उतरून आपण उघडून द्यायचं. आजीला मान मिळाल्यासारखं वाटतं.

स्वप्निल, मिटलेल्या आरशांचं खरं आहे. आज मी मोजले. महू नाक्याच्या सिग्नलला माझ्या पुढेमागे नऊ कार, चारांचे डावे आरसे मिटलेले. एकाने तर आरसा उघडा ठेवून स्वतःचे केस दिसतील असा वळवला होता.

लूनावाले काका, तुम्ही कधीही मैदानात या, मी खांब दाखवते.

---

जुना_लूनावाला | मंगळवार, रात्री १०:२०

येतो की. पण पोहे माझ्याकडून, पैज जिंकलो तरी.

---

सायली_आयटी | बुधवार, सकाळी १०:४०

मी डोळ्यांची तज्ज्ञ नाही, ऑप्टोमेट्रीचं एक सेमिस्टर करून सोडलंय, तेवढ्यावर लिहिते.

आपण "दोन्हीकडे बघितलं" म्हणतो तेव्हा नजर सरळ रेषेत सरकत नाही. ती उड्या मारते. एका ठिकाणी थबकते, उडी, दुसऱ्या ठिकाणी थबकते. आणि उडीच्या दरम्यान मेंदू चित्र बंद करून ठेवतो, नाहीतर सगळं जग धूसर फिरताना दिसलं असतं. खात्री करायची असेल तर आरशासमोर उभं राहा, आधी डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला दिसतील.

म्हणजे झर्रकन उजवीकडे-डावीकडे मान फिरवली की मध्ये मोठमोठी भोकं राहतात, आणि मेंदू ती भोकं रिकाम्या रस्त्याने भरतो. बस त्या भोकात मावत नाही. बाईक मावते.

उपाय म्हणजे नजर फिरवायची नाही, थांबवायची. उजवीकडे जवळ, उजवीकडे लांब, समोर, डावीकडे, आणि निघायच्या आधी परत उजवीकडे.

---

स्वप्निल_बाईकवर | गुरुवार, रात्री १:०५

सायलीताईचं वाचून आरशासमोर उभा राहिलो. रूममेट म्हणे तुझे डोळे हलून राहिले, मला दिसतच नाहीत. अर्धा तास आम्ही दोघं हेच करत होतो.

म्हणजे त्या काकांनी मला खरंच पाहिलं नव्हतं. मी तेव्हा त्यांना काय काय बोललो होतो.

---

पोहेजलेबी | गुरुवार, सकाळी ७:३०

बरं, आता मी शहाण्यासारखं विचारतो. रॉंग साइडने येणाऱ्याचं काय? बीआरटीएसची, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाची, रेलिंग निघायला लागल्यापासून एबी रोडवर कुठून कोण निघेल सांगता येत नाही. त्याला का म्हणून मी बघायचं? चूक त्याची.

---

वकीलकाका_टिळकनगर | गुरुवार, सकाळी ९:००

चूक त्याचीच. पंचनाम्यात तसं लिहूही. भरपाईतून कापलीही जाईल. पण पंचनामा रस्त्यावर खडूने आखतात, आणि खडूच्या आत कोण झोपलेलं असतं ते मी सांगायला नको.

---

मीरा_सुदामानगर | गुरुवार, रात्री १०:१०

पोहेजलेबी, तुमचा प्रश्न माझे विद्यार्थीही रोज विचारतात, वेगळ्या शब्दांत: "ताई, तो चुकीचा ना?" मी हल्ली उत्तर देत नाही, मोजायला लावते.

हा माझा नवा धडा. बाई स्टिअरिंगवर बसायच्या आधी एक फेरी माझ्या शेजारी बसून करतात. काम एकच: दुचाकी दिसली की मोठ्याने सांगायचं, कुठे आहे ते. "डावीकडे एक. आरशात एक. समोरच्या मॅजिक व्हॅनच्या मागे एक, चाक दिसतंय." पहिल्या पाच मिनिटांत घसा सुकतो, इतक्या असतात. मग लक्षात येतं, सांगितल्या त्यापेक्षा मी जास्त मोजल्या. ज्या सुटल्या त्या कुठल्या? नेहमी त्याच: उभ्या टेम्पोच्या आडून येणारी, कडेने उलटी येणारी, आणि आपल्याच डाव्या मागच्या दाराशी चिकटलेली. रॉंग साइडवाला सुटतो कारण आपण तिकडे बघतच नाही, तिथे कोणी नसावं अशी आपली अपेक्षा असते.

गेल्या दोन दिवसांत चार जणींकडून केलं. एक म्हणाली, "ताई, मी बारा वर्षं ॲक्टिव्हा चालवली, एवढ्या गाड्या असतात मला माहीतच नव्हतं."

बाकी काही गोष्टी बसवल्या आहेत, पसरटच लिहिते.

वळणाआधी डोकं हलवायचं. खरंच हलवायचं, पुढे झुकून आणि मागे रेलून, कबुतरासारखं. खांब जागचा हलत नाही, आपण हलू शकतो. शिकणाऱ्यांना लाज वाटते. मी म्हणते, रस्त्यावर तुम्हाला कोणी ओळखत नाही.

आरसे असे लावायचे की आपलीच गाडी जेमतेम कडेला दिसेल. बऱ्याच जणी अर्ध्या आरशात स्वतःचं दार बघत बसतात, दार कुठे पळून जाणार आहे! आणि बाहेरचा आरसा फुगीर असतो, त्यात बाईक आहे त्यापेक्षा लांब दिसते. तरी आरशावर भरवसा नको, डावीकडे वळताना एकदा खांद्यावरून.

पावसात दुचाकीच्या मागे नेहमीच्या दुप्पट अंतर. तो गटाराच्या झाकणाला आणि पांढऱ्या पट्ट्यांना चुकवणार, त्याला जागा लागते. ओव्हरटेक करताना त्याला पूर्ण लेन द्यायची, कार असती तर दिली असती तेवढी.

रात्री समोरून एकच दिवा दिसला तर बाईक समजून कडेला अंतर सोडायचं, पण एक दिवा गेलेला ट्रकही असू शकतो, हेही डोक्यात. आठवतं का, १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचे दिवे दिवसाही आपोआप चालू राहायला लागले, तेव्हा आपण सगळे त्यांना हाताची बोटं उघडमीट करून सांगायचो, "अरे लाइट चालू आहे!" माझे सासरे अजून सांगतात. तो दिवा आपल्यासाठीच आहे, हे त्यांना सांगून झालं.

---

आबा_टेक्सास | शुक्रवार, सकाळी ६:४५

कबुतर! मुलीला सांगितलं, ती कालपासून मला कबुतर म्हणतेय.

---

जुना_लूनावाला | शुक्रवार, दुपारी १:३०

एक शंका. हे सगळं आरटीओच्या टेस्टमध्ये आहे का? माझ्या वेळी साहेबाने गाडी पुढे-मागे घ्यायला लावली आणि सही केली.

---

मीरा_सुदामानगर | शुक्रवार, रात्री ९:३०

काका, टेस्ट मुख्यतः गाडी ताब्यात आहे का ते बघते. सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१च्या नियमात हलक्या गाडीचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा आहे, त्यात ८ तास वर्गातले. कागदावर वाईट नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणींचा पहिला प्रश्न "किती दिवसांत लायसन" असतो. पंधरा दिवसांचे पैसे भरलेले असतात, त्यात मी दोन दिवस नुसत्या दुचाकी मोजायला लावल्या तर घरून फोन येतो, "मॅडम, तुम्ही गाडी कधी देणार हातात?" एका यजमानांनी तर काल विचारलंच.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही पण या, मागे बसा आणि मोजा. आले. सतरा सुटल्या त्यांच्या, बायकोच्या नऊ. घरी काय झालं माहीत नाही.

---

अपर्णा_लोकमान्यनगर | शनिवार, सकाळी ११:५०

मुलाने धागा वाचला. काल त्याच्या मित्राच्या गाडीत बसलो होतो, छप्पन दुकानला थांबलो, त्याने मित्राचा हात धरला आणि म्हणाला, "दुसऱ्या हाताने." मित्र म्हणे, का रे? म्हणाला, उघड तर.

एवढंच सांगायचं होतं.

---

मीरा_सुदामानगर | रविवार, दुपारी १२:२०

आज सकाळी साडेसहाला दशहरा मैदानावर जमलो होतो. मी, भाचा, स्वप्निल त्याची बाईक घेऊन (रात्री एकला झोपून साडेसहाला आला, त्याला वेगळा सलाम), सायली, आणि लूनावाले काका आपली कार घेऊन. मैदानाच्या बाजूला उन्हात मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांनी आमची गंमत बघायला खेळ थांबवला.

काका ड्रायव्हर सीटवर बसले. स्वप्निलला मी लांब नेलं आणि सांगितलं, हळूहळू ये, काकांकडे. काका मोठ्याने सांगत होते: "दिसतोय. दिसतोय. दिसतोय." मग गप्प.

बराच वेळ गप्प.

मग स्वप्निलने हॉर्न वाजवला तेव्हा तो त्यांच्या पुढच्या चाकापासून चार पावलांवर होता.

काका खाली उतरले, खांबाला हात लावून बघितला, परत बसले आणि म्हणाले, "अजून एकदा." सहा वेळा केलं. शेवटच्या दोनदा काका कबुतर झाले होते आणि स्वप्निल त्यांना सुटला नाही.

---

जुना_लूनावाला | रविवार, दुपारी २:०५

पोह्यांचे पैसे मीच दिले, ते मीराताईंनी लिहिलं नाही.

परत येताना फूटी कोठीला डावीकडे वळायचं होतं. आरसा बघितला, मग खांद्यावरून बघितलं. एक पोरगी स्कूटीवर माझ्या डाव्या दाराशी होती. थांबलो. तिने पुढे जाताना हात केला, आभार मानल्यासारखा.

ती रोजच असणार तिथे.